सतरा एकडे

बहीण : तो तागा जरा बाजूला सरकव. टेबल रिकामं लागेल मला.

भाऊ : आत्ता? तीन कोट अस्तराविना लटकलेत.

बहीण : लटकू देत. एकच भागाकार करायचाय. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

भाऊ : तो होऊन गेलाय. आपण तीस लाखांच्या पुढे आलो, चिमे. म्हातारपणी उलटी चालायला लागलीस की काय?

बहीण : होऊन गेलाय हे मलाही ठाऊक आहे. पुन्हा कर.

भाऊ : का पण?

बहीण : मी सांगते म्हणून. तुझ्या हातात खडू आहेच.

इस्त्रीवाला : करा हो मास्तर. ताईंचं आज काहीतरी बिनसलंय. कॉलरला माझ्या हातून डाग पडला तरी रागावल्या नाहीत.

भाऊ : तू तुझी इस्त्री बघ.

इस्त्रीवाला : तापतेय ती. मास्तर, वर्ष झालं मला या दुकानात, पण हे सतरा एकड्यांचं प्रकरण काही माझ्या डोक्यात शिरत नाही. पेपरात छापून आलं तेही वाचलं. तुमचा फोटो तेवढा कळला.

बहीण : कळायला अवघड काय आहे त्यात? एकडा म्हणजे एक हा आकडा. तो एकापुढे एक लिहीत जायचं. दोन एकडे मांडले की अकरा. अकराला कोणी भागू शकतं?

इस्त्रीवाला : अकराच.

बहीण : म्हणजे अकरा तुटत नाही. तीन एकडे मांडले की एकशे अकरा. ते तुटतं, सदतीस त्रिक एकशे अकरा. चार एकडे अकराने तुटतात. पाच एकड्यांना एक्केचाळीस लागतो. सहा म्हणजे तिनाच्या दोन जोड्या, ते तुटणारच. सात तुटतात. तेरा तर त्रेपन्ननेच तुटतात, फार पुढे जावंच लागत नाही. मग आले सतरा.

इस्त्रीवाला : आणि ते तुटत नाहीत.

बहीण : असं तुझ्या मास्तरांनी पेपरात सांगितलंय.

भाऊ : मी असं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, तीस लाखांपर्यंत त्याला भागणारा सापडला नाही. 'न तुटणारी संख्या' हे त्या पेपरवाल्याने वरून घातलं. ठळक अक्षरं त्याची.

बहीण : तू खोडलंही नाहीस. उलट कात्रण काचेत बसवलंस. चल, सतरा एकडे लिही.

इस्त्रीवाला : पण तीस लाख म्हणजे दोन, तीन, चार, पाच असं सगळ्यांनी भागून बघितलं? कधी जेवलात तरी का तुम्ही?

भाऊ : सगळ्यांनी नाही रे. सतरा एकड्यांना जो भागेल, त्याला स्वतःला सतराने भागलं तर बाकी एकच उरली पाहिजे. तसा नियमच आहे. सम आकडा तर चालतच नाही. म्हणून चौतीसच्या पाढ्यात एक-एक मिळवत पुढे जायचं. त्यातूनही जे आधीच तुटतात ते टाकायचे. उरतील त्यांनी भागायचं. आठवड्याला दहा-बारा होतात. दुकान सांभाळून.

बहीण : ती निवड कोण करतं तेही सांग त्याला.

भाऊ : तू करतेस. नाही कुठे म्हणतोय मी?

बहीण : लिही.

भाऊ : हे घे. सतरा. या टेबलाच्या रुंदीत बरोबर मावतात, बघ. जणू मोजून केलंय टेबल. आता भाजक काय म्हणालीस, वीस एकाहत्तर सातशे तेवीस. पाच वेळा. बाकी सात लाख बावन्न हजार चारशे शहाण्णव. वरचा एक खाली. तीन वेळा. मग सहा. मग तीन. मग दोन. बाकी चार, सहा, तीन, एक, सात, पाच. वरचा एक खाली.

बहीण : थांब. ती बाकी पुन्हा वाच.

भाऊ : चार, सहा, तीन, एक, सात, पाच. का?

बहीण : काही नाही. चालू दे.

भाऊ : दोन. परत दोन. तीन. पाच. आता उरले एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट. सात वेळा. सातने गुणलं तर...

*(खडू टेबलावर थांबतो.)*

इस्त्रीवाला : काय उरलं मास्तर?

भाऊ : काही नाही.

इस्त्रीवाला : काही नाही झालं, की काही नाही उरलं?

बहीण : काही उरलं नाही. तुटली संख्या.

भाऊ : कुठेतरी चुकलंय. पुन्हा करतो.

बहीण : कर. तीनदा कर. मी काल आणि परवा केलाय. शून्यच येतं.

भाऊ : परवापासून तुला माहीत आहे?

बहीण : परवा तू बटणं आणायला गेला होतास, तेव्हा ती कॉलेजात शिकवणारी बाई आली होती, करड्या कोटाची. तिने पेपरात वाचलं होतं. फोनवर बोट फिरवलं आणि हे दोन आकडे, हा भाजक आणि त्याचा भागाकार, माझ्यापुढे धरले. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा आत जायच्या आधी उत्तर आलं.

भाऊ : मग त्या यंत्राचं चुकलं असेल.

बहीण : आत्ता तुझ्या हाताने केलास ना? आणि आणखी एक म्हणाली ती. वाईट वाटू नये म्हणून म्हणाली बिचारी. एकोणीस एकडे घेतले असते ना, तर ते खरंच तुटत नाहीत. कोणीच तोडू शकत नाही.

इस्त्रीवाला : म्हणजे दोनच एकडे कमी पडले?

बहीण : एकोणीस मांडायला हे टेबल पुरलं नसतं.

भाऊ : हसतेस काय?

बहीण : मी हसत नाहीये दादा. माझं तोंडच तसं झालंय.

भाऊ : पण हा भागाकार आपण केला होता. मला आठवतंय, बाकी उरली होती. शून्य आलं असतं तर मला दिसलं नसतं का?

बहीण : उरली होती. पंधरा लाख सव्वीस हजार सातशे ब्याण्णव. हा तो कागद. माळ्यावर वीस लाखांच्या कागदांच्या सळईला टोचलेला होता, काढून आणला. ही तुझी पाचवी बाकी. वाच.

भाऊ : चार, तीन, सहा... नाही. चार, सहा...

बहीण : जे लिहिलंय ते वाच.

भाऊ : चार, तीन, सहा, एक, सात, पाच.

बहीण : सहा-तीनचं तीन-सहा झालं. तुझ्या हाताने. तिथून पुढचं सगळं वेगळ्या वाटेला गेलं.

इस्त्रीवाला : एवढ्याशा उलटापालटीने?

बहीण : एक बाही उलटी लागली की कोट अंगात जातो का?

भाऊ : ही खूण कोणाची आहे?

बहीण : कुठली?

भाऊ : ही, खाली कोपऱ्यात. बरोबरची खूण. लाल पेन्सिलची. लाल पेन्सिल या दुकानात कोण वापरतं?

बहीण : मी.

भाऊ : म्हणजे मी चुकलो, आणि तू बरोबर म्हणालीस.

बहीण : मी ताळा घेतला आणि ताळा बरोबर आला. आत्ता घेऊन दाखवते. आकड्यांची बेरीज करत जायची. सतरा एकड्यांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ. भाजकाची बेरीज बावीस, म्हणजे चार. तुझ्या भागाकाराची बेरीज तीस, म्हणजे तीन. चार त्रिक बारा, म्हणजे पुन्हा तीन. बाकीची बेरीज बत्तीस, म्हणजे पाच. तीन आणि पाच आठ. आठाला आठ. नऊचा ताळा बरोबर.

इस्त्रीवाला : चूक असूनही बरोबर?

बहीण : सहा आणि तीन नऊ. तीन आणि सहाही नऊच. त्या ताळ्याला पुढचं-मागचं कळतच नाही. आकडे जागा बदलून बसले तर तो आंधळा असतो.

भाऊ : मग आंधळा ताळा कशाला घेत होतीस?

बहीण : तू हे विचारतोस?

भाऊ : विचारतो.

बहीण : पाच लाखांवर होतो तेव्हा मी काय म्हणाले होते? म्हणाले होते, नऊच्या जोडीला अकराचाही ताळा घेऊ. त्यात एक सोडून एक आकडा मिळवायचा आणि वजा करायचा, म्हणून अदलाबदल झाली की लगेच उघडी पडते. हाच कागद घे. अकराचा ताळा घेतला तर पाहिजे एक आणि येतात सात. तिथल्या तिथे सापडलं असतं. तू काय म्हणालास?

भाऊ : आठवत नाही.

बहीण : म्हणालास, एका कापडाला दोनदा दोरा कशाला? वेळ जातो. तुला पुढे जायचं होतं. लाख गाठला की तू मिठाई आणायचास आणि मला म्हणायचास, बघ, अजून तुटत नाही. तुला ती तुटायलाच नको होती दादा. मला तोडायची होती.

इस्त्रीवाला : मास्तर, मी जरा बाहेर जाऊन येऊ का? चहा सांगतो.

भाऊ : तू बस. तुझ्यासमोर लपवण्यासारखं काही नाही इथे.

बहीण : हो, बस. कधी नव्हे ते कोणीतरी ऐकतंय.

इस्त्रीवाला : पण ताई, माणूस आहे. हात चुकतो. एवढ्या वर्षांत एकदा चुकला.

बहीण : एकदाच चुकला. तेही का चुकला ते मला माहीत आहे. दादा, कागद उलटा कर.

भाऊ : कशाला?

बहीण : कर तर. हा खाकी कागद कशाचा आहे? ही खांद्याची गोलाई कोणाची? डावा खांदा अर्धं बोट खाली घेतलाय. या दुकानात तसं माप एकाच बाईचं होतं.

भाऊ : बास कर.

बहीण : वहिनी गेली त्या संध्याकाळचा आहे हा. ती ट्रंक घेऊन दारातून बाहेर पडली आणि तू तिच्या मापाचा बेतलेला कागद खुंटीवरून काढलास, पालथा घातलास आणि भागायला बसलास. मी म्हणाले, आज राहू दे. तू ऐकलं नाहीस. मीही मग समोर लाल पेन्सिल घेऊन बसले. दोघंही शहाणे.

इस्त्रीवाला : मास्तरीणबाई कशावरून गेल्या?

भाऊ : तुला काय करायचंय?

बहीण : जाताना म्हणाली, तुम्हा बहीण-भावांच्या मधे सतरा जण उभे आहेत. त्यात अठरावी कुठे उभी राहू? खोटं बोलली का? या घरात कोणतीही गोष्ट कधी झाली ते सांगायचं तर आम्ही साल सांगत नाही, आकडा सांगतो. आई गेली तेव्हा सव्वासहा लाखांवर होतो. मला ते घड्याळवाल्यांचं स्थळ आलं तेव्हा नऊ लाखांवर. माणसं चांगली होती. तू म्हणालास, दहा लाख पुरे होऊ देत, मग बघू.

भाऊ : तूच नको म्हणालीस त्यांना. मी तुझं तोंड धरलं नव्हतं.

बहीण : मी नको म्हणाले, कारण मला वाटलं काम दोघांचं आहे.

भाऊ : होतंच की दोघांचं.

बहीण : मग पेपरात काय आलंय? काचेत आहे ना, वाच. नको, मीच म्हणते, पाठ आहे मला. 'या शिंप्याने आयुष्यभर एकट्याने झुंज दिली.' एकट्याने. तो लिहिणारा आला तेव्हा मी आत काजं करत होते. तू हाक मारलीस, चिमे, चहा टाक. मी चहा आणला. फोटोत माझा हात आलाय. कपासकट.

भाऊ : त्याने विचारलं नाही.

बहीण : तू सांगितलं नाहीस.

भाऊ : अगं, पेपरवाला घाईत होता.

बहीण : तू अण्णांकडून पाढे शिकलास तिथपासून तुझ्या दम्यापर्यंत सगळं ऐकायला वेळ होता त्याला. हा प्रश्न कोणाच्या डोक्यातून निघाला, ते तरी सांगायचंस. नऊ वर्षांची होते मी. तू अण्णांच्या शेजारी उभा राहून कटिंग शिकत होतास आणि मला कोणी कात्रीला हात लावू देत नव्हतं. म्हणून मी पाटीवर एकडे मांडत बसले. पाच एकडे एक्केचाळीसने तोडले आणि तुला दाखवायला धावत आले. तू म्हणालास, मुलींनी बटणं लावावीत. संध्याकाळी अण्णांना मात्र सांगितलंस की मला एक गंमत सापडली.

भाऊ : इतकी वर्षं हे मनात ठेवलंस?

बहीण : ठेवलं नाही. राहिलं.

इस्त्रीवाला : मास्तर, परवा रविवार आहे. त्या गणित मंडळात तुमचं भाषण आहे ना?

भाऊ : तेच चाललंय डोक्यात. शंभरएक माणसं येतील. त्या करड्या कोटाच्या बाईसारखी दोन-चार असणारच. कोणीतरी उभं राहील आणि दोन आकडे तोंडावर फेकेल.

इस्त्रीवाला : जाऊच नका मग. ताप आलाय म्हणून कळवा.

बहीण : जायचं. जाऊन आपणच सांगायचं, तुटली म्हणून. त्यात लाज कसली? प्रश्नच असा होता की तुटते की नाही. उत्तर आलं, तुटते. हे दोन तुकडे. उशिरा आलं आणि दुसऱ्याने आणून दिलं, हे खरं. पण आपल्या कागदात ते वाटेत होतं. आपण त्याच्या अंगावरून गेलो.

भाऊ : आणि सात-आठ वर्षं पुढे चालत राहिलो. हे सांगू? साप साप म्हणून भुई धोपटत राहिलो?

बहीण : सांग. मी दोन रात्री हाच विचार केला. वहिनीचा कागद कोणाला दाखवायची गरज नाही. तुझा हात चुकला हेही नको म्हणूस. एवढंच म्हण की हे काम आम्ही दोघांनी केलं, आणि दोघांच्याही नजरेतून एक जागा सुटली. 'दोघांनी' एवढा एक शब्द. बाकी मला काही नको.

भाऊ : आता म्हणू? पेपरात एकट्याचं आल्यावर? लोक म्हणतील, बुडायला लागला तेव्हा बहिणीला पुढे केली.

बहीण : लोकांचं मी बघते.

भाऊ : तू काय बघणार? तुला लोकांत वावरायची सवय आहे का? माझं नाव झालंय, चिमे. बँकेतला माणूस मला उठून खुर्ची देतो. आयुष्यभर गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या पँटची लांबी घेतली मी. आत्ता कुठे कोणी खाली वाकून माझ्याशी बोलतंय. परवा मी उभा राहून म्हणू की मला सहा आणि तीन धड उतरवता येत नाहीत?

इस्त्रीवाला : मग काय म्हणणार?

भाऊ : विचार करतोय.

बहीण : कर. मी हे टेबल पुसते तोवर.

भाऊ : पुसू नकोस. राहू दे. बघ, मी असं सांगतो. भागाकार मी करत होतो. पडताळा बहिणीकडे होता. एका ठिकाणी पडताळ्यात चूक राहून गेली. हे खोटं आहे का?

इस्त्रीवाला : मास्तर, चोर सोडून...

भाऊ : तुला विचारलं नाही. चिमे, सांग, यात एक तरी शब्द खोटा आहे? खूण तुझीच आहे ना? लाल पेन्सिल तुझीच ना?

बहीण : माझीच.

भाऊ : मग झालं तर. तुला तुझं नाव हवं होतं ना? येईल. मीच घेईन, सगळ्यांसमोर. आणि तुला काय बोल लागणार आहे? तुला कोण ओळखतं? चार दिवस बोलतील आणि विसरतील. माझं तसं नाही.

बहीण : बरोबर आहे. मला कोण ओळखतं.

भाऊ : रागावून म्हणू नकोस.

बहीण : रागावले नाही. कोणता कोट घालणार आहेस?

भाऊ : काळा. का?

बहीण : त्याचं दुसरं बटण सैल झालंय. काढून ठेव, लावून देते. आणि माझं नाव घेशील तेव्हा नुसतं 'बहीण' म्हणू नकोस. पूर्ण नाव घे. अण्णांचं लावून.

भाऊ : तू येणार आहेस तिथे?

बहीण : येणार. पुढच्या रांगेत बसेन. तू नाव घेतलंस की उभी राहीन.

भाऊ : चुकीसाठी कोणी उभं राहतं का, वेडे?

बहीण : दुसऱ्या कशासाठी तू माझं नाव घेणार आहेस, दादा?